पिल्लावरची मरळ

माझा दादा गेल्या थंडीत गेला. भेटायला येणारी माणसं अजून म्हणतात, "शेवटी शेवटी लय शांत झाला होता हो." चांगल्या मनानं म्हणतात, पण माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शांत म्हणे! माझा दादा मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी भांडायचा, विहारात माईक कुठं ठेवायचा यावरून अख्ख्या कमिटीशी भांडायचा, आणि दुसरं कुणी सापडलं नाही की माझ्याशी भांडायचा. एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता. तिथं त्याचा आवाज इंजिनाच्या वर जायचा असं त्याचे जोडीदार सांगतात. तो शांत झाला तो लकवा मारल्यावर. त्याच्या भांडणांनी मला जन्मभर जेवढं रडवलं नसेल तेवढं त्या शांततेनं रडवलं.

मी त्याची एकुलती धाकटी बहीण. चारठाण्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता घरीच असते. जिंतूरला त्याच्याच गल्लीत घर बांधलं, ते भावाच्या मायेपोटी असं लोक म्हणतात. खरी गोष्ट अशी की रविवारी पहाटे येलदरीच्या धरणावर मासे धरायला निघताना त्यानं मला मागं टाकून जाऊ नये, एवढाच माझा डाव होता. लहानपणी तो तसा जायचा. मी उठून बघायचे तर सायकल गायब. मग दिवसभर माझं तोंड फुगलेलं आणि संध्याकाळी आल्यावर त्याचं चालू, "पोरीच्या जातीला पाण्यावर काय काम?" मी काही ऐकणारी नव्हते. शेवटी त्यानंच मला गळ बांधायला शिकवलं, शिकवताना शिव्या घालत. धरणाच्या काठावर गळ घेऊन उभी असलेली बाई बघायला रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवायचे. थांबू द्या म्हणलं, पेट्रोल त्यांचं जळतंय.

आमच्याकडं मरळ ही माशातली पाटलीण. चिखलात, गवतात, बाभळीच्या बुडाशी दबा धरून बसते आणि वरून काही पोहत गेलं की पाणी फोडून उचलते. तिला बेडूक आवडतो. पूर्वी दादा जिता बेडूक लावायचा. पण मरळीचा खरा मोसम पावसाळा, आणि आमच्या घरी पावसाळा म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आई रोज विहारात वाचन ऐकायला जायची, घरात मटण-मासळी बंद. दादानं त्यावर तोड काढली होती: धरायचं आणि परत पाण्यात सोडायचं. खातच न्हाई तर पाप कशाचं, असा त्याचा सवाल. मग एके सकाळी आईला न्हाणीघरात झाकलेल्या डब्यात बेडूक दिसले. तिनं आवाज न चढवता विचारलं की बाबा, आत्ता विहारात पंचशील घेतलंस ते मनानं घेतलंस का नुसतं ओठानं? एरवी दादा त्यावर तासभर भांडला असता. त्यानं बेडूक सोडून दिले आणि चार दिवसांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक बेडूक कापून तयार केला. पाय म्हणून रबराच्या पट्ट्या, पोटात गळ. त्या काळ्या बेंगरूळ बेडकाला पहिल्याच दिवशी मरळ लागली. पुढं बाजारात चांगले रंगीत रबरी बेडूक मिळायला लागले, चमच्यासारखे पत्र्याचे चकाकते गळ आले, लाकडी मासे आले, पण आमचं खोट्या आमिषाचं वेड सुरू झालं ते आईच्या त्या एका प्रश्नानं.

आणि दोर. दोरावर तर दादा तासन्‌तास बोलायचा. आमच्याकडं नायलॉनच्या एकपदरी दोराला तंगूस म्हणतात. दादा पक्का तंगूसवाला. नवं रीळ आणलं की वाव-दोन वाव काढून दोन ओठांमधून हळू ओढायचा. ओठाला जिथं खरखर लागली तिथं दोर कच्चा. बोटाला कळत न्हाई ते ओठाला कळतं, म्हणायचा. मग गाठ. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावायचीच. कोरडी आवळली तर दोर घासून गाठीतच भाजतो आणि ऐन वेळी तिथंच दगा देतो. हल्ली मिळतो तो आठ बारीक धाग्यांचा विणलेला दोर, ज्याला आम्ही वेणी म्हणतो, तो त्याला बिलकुल चालायचा नाही. वेणी पाण्यात दिसते, काळ्या दगडाच्या धारेवर घासली की तिचे धागे सुटतात, ओल्यात रॉडच्या टोकाला गुंडाळते, वर हात कापते. "तंगूस इमानदार हाय," तो म्हणायचा. "आधी ताणतो, सांगतो, मग तुटतो. ही वेणी न सांगता जाती." मी मुद्दाम वेणीची बाजू घ्यायचे. मग येलदरीहून जिंतूर येईपर्यंत तेच. त्या भांडणाची मला इतकी सवय होती की ते सुख आहे हे कळलंच नाही.

लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली. डाव्या हाताची बोटं साखरेच्या दुखण्यानं आधीच बधिर होत आली होती. डॉक्टर म्हणाले, बोलण्याला काही झालेलं नाही, जीभ शाबूत आहे, बोलायला लावा. आम्ही लावत होतो. पण दादा सगळ्याला "बरं" म्हणायला लागला. वरण आळणी झालं तरी बरं. पंखा बंद करू का, बरं. परत लावू का, बरं. ज्याच्याशी त्याचं जन्माचं वाकडं तो शेजारी येऊन, तुमच्या भिंतीला लागून शेड टाकतो म्हणाला, त्यालाही बरं. वहिनी पदराआड डोळे पुसायची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना? इथं सुंभ डोळ्यासमोर बसलेला होता आणि पीळ तेवढा गेला होता. मी घरी येऊन भिंतीकडं बघत बसायचे. मला माझा भांडखोर भाऊ परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

मग माझ्या डोक्यात आलं की याला एकदा मरळ लागली पाहिजे. हातात तो झटका बसला पाहिजे. मरळीच्या झटक्यानं मेलेला माणूस उठून बसेल, हे त्याचंच वाक्य होतं. त्याचे उपचार चालू होते, गोळ्या चालू होत्या, मालीशवाली येत होती. मी म्हणलं हा एक आपलाही इलाज. वहिनीला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. ह्यांना पावसात नेऊन छातीत कफ करून आणायचाय का, म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

पण माळ्यावरचा रॉड मी खाली काढला. रिळावरचा तंगूस उन्हानं पिवळा पडून ठिसूळ झाला होता, दोन बोटांत धरून ओढला की सुताच्या धाग्यासारखा तुटत होता. नवा दोर घेणं आलंच. कोणता घ्यायचा हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं सोडवणार होते. परभणीच्या बाजारात बोळीतलं एक जुनं दुकान आहे, आमचं नेहमीचं. तिथल्या चाचांनी दादाची चौकशी केली, ऐकून कपाळाला हात लावला, आणि दादाचा नेहमीचा तंगूस न विचारता काउंटरवर ठेवला. मी तो ओठांतून ओढला, गाठ मारून पायाखाली धरून ताणला. दोर चांगला होता, मजबूत होता. पण माझ्या डोक्यात दादाची ती बधिर बोटं होती. तंगूस रबरासारखा ताणतो, तिकडं मासा ठोसा मारतो आणि इकडं येईपर्यंत त्यातला अर्धा जोर दोरच खाऊन टाकतो. चांगल्या हाताला ते चालतं. त्याच्या हाताला काय कळणार? चाचांचंही तेच म्हणणं पडलं. म्हणाले, "बाजी, भरोसा दोनों का है. लेकिन खबर जल्दी वेणी देती." मजबूत दोर कोणता हे विचारायला आलेली मी, सांगणारा दोर घेऊन निघाले.

घेण्याआधी दुकानातूनच घरी फोन लावला. वहिनीला म्हणलं, दादाच्या कानाला लाव. दादा, म्हणलं, मी तुझ्या रिळावर वेणी भरायलेय, चालंल का? मी वाट बघत राहिले. फोनवर भांड, शिवी घाल, काय वाटेल ते बोल. पलीकडून आलं, "बरं." मी फोन ठेवला आणि चाचांकडं पाठ करून उगाच बेडकांच्या पाकिटांवरच्या किमती वाचत उभी राहिले. डोळ्यांतलं आटेपर्यंत.

घरी येऊन आम्ही परीक्षा घेतली. हो, परीक्षाच, मी मास्तरीण आहे. दादाला अंगणात खुर्चीवर बसवला, रॉड त्याच्या मांड्यांत रोवला, डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोर ठेवला आणि डोळे मीट म्हणलं. दुसरं टोक धरून वहिनी गल्लीत पार नळापर्यंत गेली. नळावरच्या बाया पाणी भरायचं सोडून बघत होत्या. आधी नमुन्यादाखल आणलेला तंगूस लावला. वहिनीनं हलकेच ओढलं, जोरात ओढलं, मग वैतागून म्हशीचं दावं ओढावं तसं ओढलं. दादाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग वेणी. वहिनीनं नुसती नखानं टिचकी मारली तर दादाचं बोट मिटलं. त्यानं डोळे उघडून बोटाकडं बघितलं, मग दोराकडं, मग लांब नळापाशी उभ्या असलेल्या बायकोकडं. मी म्हणलं, कळलं ना? तर तो म्हणाला, "बरं." पण बोट मिटलं होतं. ते वहिनीनंही एवढ्या लांबून पाहिलं होतं. घरात येऊन ती त्याची कानटोपी शोधायला लागली, तेव्हा मी समजले की आता परवानगी आहे.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एका रविवारी ठरवलेला रिक्षावाला गावाला गेला, पुढच्याला दादाची साखर चढली. शेवटी श्रावणात निघालो. रिक्षाच्या टपावर प्लास्टिकची खुर्ची बांधलेली, आत दादा रेनकोट आणि कानटोपीत, शेजारी मी मांडीवर बादली घेऊन. जिंतूर सोडलं तेव्हा भुरभुर होती, येलदरीच्या अलीकडं चांगली झड लागली. रिक्षावाल्यानं आम्हाला धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आमच्या ओळखीच्या जागी उतरवलं, दादाला धरून चिखलातून खुर्चीपर्यंत आणायला मदत केली आणि दुपारून येतो म्हणून गेला. पाणी चढलेलं होतं. उन्हाळ्यात जिथं गुरं चरतात तिथं आता गवताची नुसती टोकं वर, बेशरमीची झुडपं निम्मी बुडालेली, बाभळी गुडघाभर पाण्यात. मरळीला याहून चांगलं दुसरं काय लागतं? मी खुर्चीला छत्री बांधली, ती वाऱ्यानं लगेच उलटी झाली, मग तिचा नाद सोडला.

आमची रीत अशी ठरली. बेडूक मी फेकायचा. मग रॉडचं बूड दादाच्या मांड्यांत, त्याचा डावा हात रॉडला, पहिलं बोट दोरावर. आणि मी त्याच्या उजव्या बाजूला उलट्या बादलीवर बसून रिळाची मूठ फिरवायची. एका रॉडवर दोघं. फेकताना वेणी खरंच ओल्या रॉडला चिकटत होती, टोकाला दोनदा गुंडाळली. मी मनात म्हणलं, घे दादा, तुझंच खरं. मोठ्यानंही म्हणाले. तो पावसाकडं बघत होता.

मी बेडूक बेशरमीच्या कडेनं आणला, गवताच्या फटीतून आणला, बाभळीच्या बुडाला थांबवून दोन उड्या मारायला लावला. काही नाही. जागा बदलली, दादाला धरून उठवून खुर्ची पुढं सरकवली, परत फेकलं. एकदा दोर जड झाला आणि मी बादलीवरून उठलेच, तर ती शेवाळाची गुंडी. पाऊस सडसड वाढला. दादाचा चष्मा पावसानं भरून गेला होता, पुसला तरी परत भरायचा, म्हणून मी तो काढून माझ्या पिशवीत ठेवला. त्याचे ओठ काळे पडायला लागले होते. म्हणलं, थंडी वाजायली का? बरं. जायचं का घरी? बरं. थांबायचं अजून? बरं. त्या वेळी मला त्याचा असा राग आला की त्याला धरून गदागदा हलवावं वाटलं. अरे काहीतरी एक सांग की! मी उठले आणि चिखलात आपटत काठाकाठानं थोडी लांब गेले, कारण त्याच्यासमोर थांबले असते तर बोलू नये ते बोलले असते.

तिथं ती मला दिसली. दोन बाभळींच्या मधे, पाऊस जरा कमी पडत होता अशा जागी, पाण्यावर लाल तिखट सांडल्यासारखा एक डाग. तो हलत होता. मरळीची पिल्लं. हजारानं असतात, एकाला एक लागून फिरतात आणि श्वास घ्यायला सगळी मिळून वर येतात. ज्यानं मरळ धरली आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही: पिल्लं वर, तर आई-बाप खाली. आणि पिल्लं राखणारी मरळ भूक असो नसो, जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. पिल्लांवरून बेडूक नेला की मरळ लागलीच म्हणून समजा. म्हणूनच दादानं ते कधी केलं नाही, मला करू दिलं नाही. एकदा काठावरच्या एकानं पिल्लावरची मरळ काढली, तर दादानं त्याचा रॉड धरून, हात धरून त्याला ती परत सोडायला लावली होती.

मी तिथं उभी राहून त्या लाल डागाकडं बघत राहिले. मग परत आले आणि म्हणलं, दादा, तिकडची जागा बरी दिसती, चल. दुसरं काही सांगितलं नाही. चष्मा पिशवीत होता, तोही दिला नाही. मी काय करतेय हे मला पक्कं माहीत होतं. पिल्लं त्याची नव्हती, माझी नव्हती. दादा माझा होता. सोडूनच तर देणार होते मी तिला.

खुर्ची नेली, दादाला नेलं, बसवलं. बेडूक पिल्लांच्या पलीकडं टाकला. रॉड त्याच्या मांड्यांत दिला, बोट दोरावर ठेवलं, मूठ हातात घेतली. बेडूक त्या लाल डागाच्या कडेला आला, आणि खालून पाणी फुगलं. पुढच्या क्षणाला पाणी फुटलं, बेडूक वर उडाला, दोर खाडकन् ताठ होऊन सैल पडला. तोंडात घेतला नव्हता तिनं, नुसती धडक मारली होती. मी दादाकडं बघितलं. त्याचं बोट दोरावर घट्ट मिटलं होतं आणि चेहरा, काय सांगू, चेहरा जागा झाला होता. भुवया वर, मान पुढं. बाई गं, किती महिन्यांनी मी तो चेहरा बघत होते!

"कळलं?" म्हणलं. "दादा, कळलं ना?"

मी घाईघाईनं मूठ फिरवायला लागले, बेडूक परत तिच्या डोक्यावरून न्यायला. तेवढ्यात त्यानं रॉड सोडला आणि त्याच डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मूठ फिरेना.

"भुकेची न्हाई ही," तो म्हणाला. "हाकलायलीय. पिल्लं हायेत का तिथं?"

त्याला दिसत नव्हतं. चष्मा माझ्याकडं होता. समोर त्याला नुसता पाऊस आणि धुरकट पाणी दिसत असणार. त्या बधिर बोटाला एका धडकेवरून कळलं होतं की ही खायला आलेली मरळ नव्हे, राखायला आलेली आहे. मी मास्तरकी सोडून आलेली बाई, आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेलं. म्हणलं, "हायेत तर हायेत. एकदाच, दादा. सोडून देऊ तिला लगेच."

"न्हाई."

"अरे, तुझ्यासाठी..."

"न्हाई म्हणलं ना. ती वर आली की चिलापी मासळी येऊन पिल्लं साफ करती. तू सोडंस्तोवर काय राहतंय तिथं? लाज हाय का न्हाई तुला? एवढी शिकलेली, आणि पिल्लावर गळ टाकायलीस." मग श्वास घेतला आणि दम लागला तरी पुढं चालूच. "आणि चष्मा कुठं हाय मपला? आणि ही वेणी कुणी भरली? हात कापती ही. तुला कितींदा सांगितलं, ऐकायचं म्हणून न्हाईच."

मी मूठ सोडली. बादलीवर बसल्या बसल्या मला हुंदका आला, आणि एक आल्यावर मग काही आवरेना. एवढं मोठं धरण, एवढा पाऊस, आणि त्यात मी लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडतेय आणि माझा दादा मला शिव्या घालतोय. त्या घटकेला कुणी मला विचारलं असतं, काय हवं ते माग, तर म्हणाले असते, काही नको, याला फक्त थांबवू नका.

पण तो थांबला. त्याला वाटलं मी मरळीसाठी रडतेय. लहानपणी त्याच्या मागं लागून पहिल्यांदा आले होते आणि हातातला मासा सुटल्यावर रडले होते, तशी. त्यानं माझं मनगट सोडलं नव्हतं. ते त्यानं जरा हलवलं.

"रडू नको येडे," तो म्हणाला. "पिल्लं मोठी होऊ दे. पुढल्या पावसात येऊ आपण. तंगूस भरून."

लकवा मारल्यापासून पुढल्या कशाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. दिवाळीचं म्हणलं तरी बरं म्हणणारा माणूस पुढल्या पावसाचं ठरवत होता. मी चष्मा पिशवीतून काढला, पदराच्या कोरड्या टोकानं पुसला आणि त्याच्या डोळ्यांवर चढवला. तो डाग अजून तिथंच होता, पाण्यावर येत जात. दादानं तो शोधून काढला आणि बराच वेळ बघत राहिला. आम्ही परत फेकलं नाही. रिक्षा येईपर्यंत तसेच भिजत बसलो, आणि घरी गेल्यावर वहिनीनं दोघांनाही एकाच दमात झाडलं.

त्यानंतर तो चांगलं भांडायला लागला असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही लागला. आठ दिवसांनी सगळं परत पहिल्यासारखं झालं, आणि थंडीत दुसरा झटका आला तो त्याला घेऊनच गेला. यंदा पाऊस लवकर आला. परवा येलदरीहून आलेला एक जण सांगत होता, फुगवटा गवतापर्यंत चढलाय. ती पिल्लं आता हातभर झाली असतील. मी रिळावर तंगूस भरून ठेवलाय, आणि मला जाववत नाही.